मधल्या गंधाराची चोरी

१

पेटी जागेवर होती. काचेचं कपाट जागेवर होतं, कुलूप शाबूत होतं आणि कपाटावरची पितळी पाटीही कालच घासल्यासारखी चमकत होती. पाटीवर कोरलं होतं : 'लिंबाजी, येलदरी, यांची पेटी. दत्तराव यांच्या हातची.' कपाट उघडून झाल्यावर धम्मशीलाबाईंनी डाव्या हाताने भाता हलवला, उजव्या हाताचं बोट मधल्या सप्तकातल्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर ठेवलं, डोळे मिटले आणि पट्टी दाबली.

काहीच वाजलं नाही.

त्यांनी पुन्हा दाबली. मग शेजारच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. त्या सगळ्या वाजल्या, अगदी खणखणीत. अलीकडचा रिषभ वाजला, पलीकडचा मध्यम वाजला, मधला गंधार तेवढा मुका होता.

"असं कसं होईल?" राजनंदिनी म्हणाली. झरीच्या रस्त्यावरचा हा पेट्यांचा कारखाना तिच्या आजोबांनी, दत्तरावांनी, उभा केला. पुण्याहून शिकून आलेली ही तिशीतली नात आता त्यांच्या मागे तो चालवत होती. कारखान्याच्या मागच्या अंगाला आजोबांनी जमवलेल्या, याच कारखान्यात घडलेल्या जुन्या पेट्यांची खोली होती. तिला रंग देऊन, काचेची कपाटं लावून नातीने तिचं संग्रहालय केलं होतं आणि परवा त्याचं उद्घाटन होतं. "काल दुपारी मी स्वतः दाबली होती ही पट्टी, मॅडम. वाजत होती."

तिने पेटीचं वरचं झाकण काढलं, मग आतली सुरांची फळी काढून उलटी धरली. पितळेच्या पातळ पट्ट्या, ज्यांना कारखान्यात सूर म्हणतात, ओळीने बसवलेल्या होत्या. प्रत्येक सुराला दोन बारीक स्क्रू. एका ठिकाणी मात्र सूर नव्हता. स्क्रू नव्हते. त्या जागी मऊ कातड्याची एक छोटी चकती डिंकाने इतकी बेताने चिकटवली होती की एक थेंबभर हवा बाहेर जाऊ नये.

छत्तीस वर्षांच्या पोलीस नोकरीत धम्मशीलाबाईंनी चोऱ्या काही कमी पाहिल्या नव्हत्या. मंगळसूत्रं पाहिली, मोटारी पाहिल्या, एकदा तर विहिरीवरचं अख्खं इंजिन गेलेलं पाहिलं. पण चोराने सदतीस सुरांतला एकच सूर न्यावा आणि जाताना भोक बुजवून जावं, असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

२

कोणी म्हणेल, बोटभर पितळ गेलं, त्याचं एवढं काय? ते सांगायलाच हवं.

धम्मशीलाबाईंचे वडील लिंबाजी येलदरीच्या वीजघरावर कामाला होते. दिवसा वीजघर आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टी. भीमजयंतीला तर महिना महिना पार्टी गावोगाव फिरायची. लिंबाजी पेटीवर, आणि आई केशरबाई गायला. केशरबाईंचा आवाज पातळ होता, धारदार होता, पण गंधारावर आला की केसभर खाली उतरायचा. जाणकार हसायचे. लिंबाजी हसले नाहीत. ते पेटी उचलून दत्तरावांकडे घेऊन आले आणि म्हणाले, "मालक, हिचा गळा वर जाईना. तुमी पेटी खाली आणा." दत्तरावांनी केशरबाईंना समोर बसवलं, गंधार धरायला लावला आणि सुराच्या बुडाशी कानस फिरवत फिरवत पेटीचा गंधार त्यांच्या गळ्याला आणून मिळवला.

ही गोष्ट लिंबाजींनी लेकीला सांगितली ती अकरा वर्षांपूर्वी, अंथरुणाला खिळल्यावर. केशरबाईंना जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. त्या गेल्या त्या दिवशी लेक नांदेडला बंदोबस्तावर होती. "तापात दोनदा हाक मारली बघ तुला," वडिलांनी नंतर एवढंच सांगितलं होतं. महिन्याच्या आत त्यांनी पेटी दत्तरावांच्या हवाली केली. लेकीला न विचारता केली, म्हणून लेक रुसली. "तुझ्याकडं कोण वाजवणार हाय? हितं रोज हवा तरी मिळंल तिला," असं ते म्हणाले होते. आणि शेवटी, अंथरुणावरून : "आईचा आवाज ऐकावा वाटला तर झरीला जा. मधला गंधार दाब."

आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. कॅसेट नाही, मोबाइल तर तेव्हा नव्हताच. लहानपणी आई दारातून हाक मारायची आणि पुस्तकात डोकं घातलेली शीला पहिल्या हाकेला कधीच उत्तर द्यायची नाही. "हाकेला ओ द्यावं माणसानं," आई करवादायची. ती हाक कशी होती, हे बाईंना आता आठवेनासं झालं होतं. चेहरा आठवायचा, लुगड्याचा रंग आठवायचा, आवाज नाही.

मग अकरा वर्षं का आल्या नाहीत? परभणीहून झरीच्या रस्त्याला लागायला वेळ तो किती. खरं सांगायचं तर त्या भ्यायल्या होत्या. एवढी एकच वस्तू शिल्लक आहे, ती ऐकून झाली की मग पुढे काय, ही ती भीती. राजनंदिनीचं उद्घाटनाचं निमंत्रण आलं आणि त्या दोन दिवस आधीच, गर्दी नसताना, एकट्या निघून आल्या.

आणि पट्टी मुकी.

"पोलिसांत देऊ या का?" राजनंदिनीने विचारलं आणि स्वतःच ओशाळली.

"पोलीस आले आहेत," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "मला आधी तुमचा कारखाना दाखवा. पेटी कशी होते ते कळल्याशिवाय ती कोणी उघडली हे कळायचं नाही."

३

कारखाना म्हणजे तीन लांब खोल्या. पहिलीत सागवानाचा भुसा उडत होता, खोकी जुळत होती. दुसरीत सहा बायका खाली बसून भाते तयार करत होत्या. पुठ्ठ्याच्या घड्या, घड्यांवर मेंढीचं मऊ कातडं, वर डिंक. एक बाई कात्रीने कातड्याचे तुकडे कापत होती आणि प्रत्येक तुकड्याचे कोपरे गोल करत होती.

"कोपरे कशाला गोल करता?" धम्मशीलाबाईंनी विचारलं.

"टोक ठिवलं की उलून येतंय साहेब," ती म्हणाली. "गोल केलं की जलमभर हालत न्हाई. हे सगुणामावशीनं शिकिवलंय आमाला."

"त्या कुठे आहेत?"

"त्यांची बोटं वाकडी झाली संधिवातानं. मालकानं त्यांना जुन्या पेट्यांवर ठिवलं, चौदा वर्षं झाली."

राजनंदिनी उत्साहाने सांगत होती. आजोबांनी पहिल्या दिवसापासून सगळ्या पेट्यांसाठी सुरांचं एकच माप ठेवलं. त्यामुळे इथल्या कुठल्याही पेटीतला सूर काढून कुठल्याही पेटीत बसवता येतो. गावोगाव दुरुस्तीला जाताना हे फार सोयीचं पडायचं. धम्मशीलाबाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या. त्यांचं लक्ष तिसऱ्या खोलीकडे लागलं होतं.

तिसऱ्या खोलीत एकटे बालाजी बसले होते. पंचावन्नच्या आसपासचे, सदऱ्याच्या खिशात कानस, कपाळावर आठ्या. चौतीस वर्षं या खोलीत बसून त्यांनी हजारो पेट्या सुरात लावल्या होत्या. त्यांच्या टेबलावर पिवळ्या मेणाची कांडी होती, आणि समोरच्या अर्धवट पेटीत जिथे सूर बसायचा होता तिथे कागदाची पट्टी मेणाने डकवलेली होती.

"हे काय?"

"सूर बसंपर्यंत भोक झाकावं लागतंय. न्हाईतर हवा तिकडूनच जाती आन बाकीचे सूर धापा टाकायलेत मग." त्यांनी मान वर केली. "तुमी लिंबाजीच्या लेक. तुमच्या पेटीचा गंधार गेला म्हणं."

"तुम्हाला एवढ्यात कसं कळलं?"

"कारखान्यात खोकला आला तरी सगळ्यांना मालूम होतंय." बालाजींनी कानस खाली ठेवली आणि सरळ बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. "कुनी नेला ते मला ठावं न्हाई. पर खोटं कशाला बोलू, म्याडम. तो सूर आज मी मारणारच होतो."

४

'मारणारच होतो' याचा खुलासा राजनंदिनीनेच केला, खाली मान घालून.

परवाच्या उद्घाटनाला एक मोठे वादक येणार होते. संग्रहालयातली प्रत्येक जुनी पेटी ते थोडी थोडी वाजवणार आणि त्याचं ध्वनिमुद्रण होणार. म्हणून काल दुपारी चार वाजता तिने सगळ्या पेट्या तपासल्या. एकच पट्टी बेसूर निघाली. तिथेच तिने बालाजींना सांगितलं, "मामा, हा गंधार उद्या सकाळी टोकाशी घासून वर आणा."

"तुम्हाला त्या गंधाराची गोष्ट माहीत नव्हती?"

"नव्हती, मॅडम. आजोबांनी कुणालाच सांगितली नाही."

"मी मालकाला दहादा म्हणलो आसंल," बालाजी म्हणाले. "मालक, आपल्या कारखान्याचं नाव हाय त्या पेटीवर आन गंधार उतरलेला. लोक काय म्हणतील? मालक नुसते हसायचे. म्हणायचे, बालाजी, तो बरोबर हाय, तुझा कान चुकायलाय. माझा कान." हे शेवटचं ते असं म्हणाले की कोणी त्यांच्या जातिवंत बैलाला लंगडा म्हटलं असावं.

"एकदा घासला तर पुन्हा खाली आणता येतो?"

"आणता येतो, पर तोच न्हाई येत. पितळ झिजलेलं परत येत न्हाई. आवाजाचा पोत बदलतोच."

धम्मशीलाबाईंनी मनात हिशेब केला. एका सकाळचा फरक. सूर चोरीला गेला नसता आणि त्या उद्या आल्या असत्या तर पट्टी दाबल्यावर एक शुद्ध, बरोबर, कुणाचाच नसलेला गंधार वाजला असता, आणि आपल्याला आईचा आवाज ओळखू येत नाही असं समजून त्या परत गेल्या असत्या.

"काल चार वाजता त्या खोलीत कोण कोण होतं?"

"मी, बालाजीमामा," राजनंदिनी म्हणाली. "आणि सगुणामावशी. त्या काचा पुसत होत्या."

"कपाटाची किल्ली?"

"एक माझ्याकडे, एक मावशींकडे. मामांना लागली तर ते मावशींकडून घेतात."

"काल घेतली?"

"मी आज घेणार होतो," बालाजी म्हणाले. "आज किल्ली मागायला गेलो तर मावशी म्हणली, जरा थांब, पाव्हणी येणार हाय."

धम्मशीलाबाई दाराकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. त्या आज येणार हे त्यांनी कोणालाच कळवलं नव्हतं.

५

सगुणाबाई संग्रहालयाच्या दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तरीच्या, काटक, पांढरं लुगडं, बोटं मुळांसारखी वाकलेली. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. धम्मशीलाबाईंनी खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः शेजारच्या उंबऱ्यावर टेकल्या.

"मावशी, रोजचं काम काय असतं तुमचं?"

"हवा देणं, साहेब," सगुणाबाई म्हणाल्या. "मालकाचा दंडक हाय. सकाळी समद्या पेट्यांना दहा दहा डाव भाता द्यायचा, एकूण एक पट्टी दाबायची. पेटी गप बसली की मरती, म्हणायचे. आत कसर लागती, कातडं आकडतं. बावीस पेट्या हायत. दोन घंटे लागत्यात."

"आज दिली हवा?"

"दिली की."

"मग एक पट्टी वाजत नाही हे आज सकाळी तुम्हाला कळलं असेल."

सगुणाबाई वाकड्या बोटांनी पदर सारखा करू लागल्या. बाहेर सोयाबीनच्या रानातून वारा येत होता आणि दाराची कडी हलत होती. पोलीस ठाण्यातल्या खुर्चीवर भलेभले याच जागी येऊन गप्प व्हायचे आणि धम्मशीलाबाई घाई करायच्या नाहीत. आजही केली नाही.

"मी आज येणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुनी न्हाई."

"बालाजींना तुम्ही म्हणालात, पाहुणी येणार आहे."

"कुनीतरी येतंच की उद्घाटनाआधी." म्हातारीने मान वळवली. "रोजच म्हनत आले मी. चौदा वर्षं."

हे उत्तर बाईंना कळलं नाही. त्या उठल्या आणि वडिलांच्या कपाटाशी गेल्या. पेटीच्या पट्ट्यांवर त्या वाकल्या, खिडकीचा उजेड तिरपा पडेल अशा बेताने. पांढऱ्या पट्ट्या जुन्या होऊन पिवळट झाल्या होत्या. मधल्या गंधाराची पट्टी मात्र वेगळी होती. ती मधोमध खोलगट झिजली होती आणि बोटाच्या तेलाने गुळगुळीत चमकत होती. वडिलांच्या हाताने झिजली म्हणावी तर बाकीच्याही झिजायला हव्या होत्या. पेटीला हवा द्यायला प्रत्येक पट्टी रोज एकदा दाबतात. ही एक पट्टी कोणीतरी रोज कितीतरी वेळा दाबत होतं.

पेटीमागे भिंतीवर एक फोटो होता. येलदरीची गायन पार्टी, मांडवाखाली. लिंबाजी पेटीवर, केशरबाई मधोमध, तोंड उघडं. मागे झील धरणाऱ्या दोन बायका. त्यातली एक किडकिडीत बाई डाव्या कानावर तळहात ठेवून गात होती. तिला बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. बाई स्वतः वसतिगृहात शिकायला गेल्या, त्यानंतरचा फोटो असावा.

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग वळून म्हणाल्या, "राजनंदिनी, बालाजींना बोलवा. सूर कुठे आहे ते मला अजून माहीत नाही, पण तो या खोलीबाहेर गेलेला नाही."

६

चौघं खोलीत जमली. बालाजी दाराला टेकून उभे, हात बांधून. सगुणाबाई स्टुलावर.

"मला आधी वाटलं, बालाजींनी काढला," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "पेटी इथे आल्यापासून चोवीस वर्षं तो सूर त्यांच्या कानात सलत होता. पण बालाजी भोक कागदाने झाकतात, मेण लावून. इथे कातडं आहे, डिंक आहे, आणि चकतीच्या कडा गोल कापल्या आहेत. हा हात सुरांच्या खोलीतला नाही, भात्याच्या खोलीतला आहे. आता भात्याच्या खोलीतल्या बायकांकडे या कपाटाची किल्ली नसते."

बालाजींचे हात सुटले. सगुणाबाई जमिनीकडे पाहत होत्या.

"पण मला ते कोडं नव्हतं. मला वेगळंच कोडं होतं. इथे बावीस पेट्या आहेत आणि सगळ्यांचे सूर एका मापाचे. नेणाऱ्याने दुसऱ्या पेटीतला गंधार काढून इथे बसवला असता, तर परवा पेटी सुरात वाजली असती, वादक खूश, मालकीण खूश, आणि चोरी झाल्याचं जन्मात कोणाला कळलं नसतं. एवढं सोपं असताना जागा रिकामी का ठेवली?"

"घाईत आसंल," बालाजी म्हणाले.

"घाईत माणूस कडा गोल कापत बसत नाही." बाईंनी पेटीवर हात ठेवला. "ज्याने सूर काढला त्याला कपट करायचं नव्हतं. त्याला तो कानशीपासून वाचवायचा होता. आणि त्या जागी दुसरं कोणी बसवायला त्याचा हात धजला नाही."

मग त्यांनी पहिलं कपाट उघडायला सांगितलं. सूर लपवायचा तर सुरांतच लपेल, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला घालायचा? त्या एकेका पेटीपाशी थांबत, भाता हलवत आणि मधला गंधार दाबत. पहिली पेटी, बरोबर गंधार. दुसरी, बरोबर. पायाने भाता चालवायची मोठी पेटी, बरोबर. नवव्या पेटीपर्यंत बालाजींनी डोळे मिटले होते आणि प्रत्येक सुराला ते नुसती मान हलवत होते. पंधरावी. अठरावी. बाई पुढच्या पेटीकडे वळल्या. आपलं चुकलं तर? म्हातारीने तो सूर ओढ्यात टाकला असला तर?

शेवटची पेटी कपाटात नव्हतीच. सगुणाबाईंच्या स्टुलाशेजारी खालच्या फळीवर, पोरांना शिकायची एक छोटी पेटी होती, वरून फडकं टाकलेलं. धम्मशीलाबाई खाली बसल्या. भाता त्यांनी हलवला, पण पट्टी अजून दाबली नव्हती, तोच शेजारी सगुणाबाईंचा डावा तळहात आपसूक उठून कानावर गेला.

बाईंनी पट्टी दाबली.

गंधार वाजला. केसभर उतरलेला, पातळ, धारदार. बालाजींनी डोळे उघडले. धम्मशीलाबाईंनी लगेच बोट उचललं. ओळख पटली होती, पण ती परक्याच्या घरातून आपलं माणूस बोलावं तशी. या छोट्या खोक्यात तो आवाज कोंडल्यासारखा येत होता.

"फोटोत मागे तुम्ही आहात, मावशी," त्या म्हणाल्या.

सगुणाबाईंनी कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खांडांतून एक पितळी सूर काढून त्यांनी समोर धरला. छोट्या पेटीतला तो मूळचा गंधार होता.

"नऊ वर्षं तुझ्या आईमागं झील धरली म्या," त्या म्हणाल्या. साहेब गेलं आणि एकेरी आलं, ते त्यांनाही कळलं नाही. "माझा नवरा गेला तवा घरात कोंडून बसले होते. केशरबाई आली, म्हनली, सगुणे, ऊठ, रडायचं आसंल तर सुरात रड. आन पार्टीत घिऊन गेली. पेटी हितं आली तवा म्या मालकाला म्हनलं, मला झाडूवर ठिवा पर त्या खोलीत ठिवा. बोटं वाकडी झाली तवा ठिवलं एकदाचं. रोज सकाळी एकवीस पेट्या करते आन तिची शेवटाला. मंग बसते जरा येळ तिच्यासंगं."

"मला सांगायचं होतं की मावशी," राजनंदिनी म्हणाली.

"काल सांगाया तोंड उघडलं व्हतं. तू म्हनलीस, मावशी, सुरातलं तुमाला काय कळतं."

राजनंदिनीला आठवलं असावं. ती खिडकीबाहेर पाहू लागली.

"पाच वाजता समदे गेल्यावर काढला," सगुणाबाई म्हणाल्या. "ह्या बोटांनी दोन स्क्रू काढाया घंटा लागला. दुसरा सूर बसवून दिला आसता तर झालं आसतं, ते बरोबर हाय तुझं. धरलाबी होता हातात. पर तुझ्या आईच्या जागी दुसरीला कशी बसवू, शीले? न्हाई जमलं मला."

बालाजी पेटीजवळ आले.

"चोवीस वर्षं मी त्याला चूक म्हणायलो होतो," ते म्हणाले. त्यांनी खिशातली कानस काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिली. "मालक बरोबर म्हणायचे. इकडं आणा तो सूर. मी बसवितो."

७

बसवायला दहा मिनिटं लागली. बालाजींनी कातड्याची चकती नखाने अलगद सोडवली, जुना डिंक पुसला आणि सूर जागेवर ठेवून दोन्ही स्क्रू आवळले. आवळताना ते सारखे फुंकर मारून पाहत होते. राजनंदिनीने मध्येच सांगून टाकलं की ही पेटी परवा आहे तशीच वाजेल, आणि कोणाला ती बेसूर वाटली तर पाटीवर तिची गोष्ट लिहिलेली असेल. "ती गोष्ट मावशी सांगतील, मी लिहून घेईन," ती म्हणाली. सगुणाबाईंनी त्यावर नुसतं नाक ओढलं.

"आणि पाहुणी येणार म्हणालात ते?" धम्मशीलाबाईंनी विचारलं.

"लिंबाजीदादा सांगून गेले व्हते. पोरगी एक दिस येईल, म्हनले. तवर पेटीला गप बसू दिऊ नको." म्हातारीने डोळे पुसले. "लय उशीर केलास, बाई."

"भीती वाटत होती, मावशी."

"मालूम हाय. तुझी आई सांगायची, माझी लेक पहिल्या हाकेला कधी ओ देत न्हाई. तुला कशी हाक मारायची ते मारून दाखवायची आमाला, तवा बी हितंच यायची ती, ह्या गंधारावर. शी म्हनायची खाली आन ला हितं आनून धरून ठिवायची. पार रानाच्या टोकाला ऐकू जायचं."

धम्मशीलाबाईंनी पेटी पुढे ओढली. डाव्या हाताने भाता धरला. बोट त्या खोलगट, गुळगुळीत पट्टीवर ठेवलं. ते तिथे असं बसलं की जागा त्याच्यासाठीच झिजवून ठेवलेली असावी. खरं तर ती दुसऱ्याच एका वाकड्या बोटाने झिजली होती, आणि त्याबद्दल आपण या बाईचं काय देणं लागतो, हे त्यांना कळेना.

त्यांनी पट्टी दाबली आणि दाबूनच ठेवली.

सागवानाच्या जुन्या खोक्यातून तो आवाज मोकळा बाहेर आला. आणि बाईंना अंगण दिसलं, वीजघराच्या चाळीचं, वाळत घातलेल्या मिरच्यांचं. हातात भूगोलाचं पुस्तक होतं. धडा संपायला एक पान राहिलं होतं. दारातून कोणी तरी बोलावत होतं, थोडं चिडून, थोडं मायेने, आणि उत्तर येईपर्यंत बोलवायचं थांबणार नव्हतं.

एकसष्ट वर्षांच्या निवृत्त फौजदारबाईंनी मान वर केली आणि सगळ्यांदेखत, मोठ्याने, पहिल्याच हाकेला उत्तर दिलं.

"ओ."